ऑटिझम असलेल्या मुलाला अॅक्युपंक्चर करून बघायचंय? मग हे असं असं करा

थेरपी सेंटरच्या बाहेर मुलांना आत सोडून बसलेल्या आयांमध्ये हा विषय थोड्या थोड्या दिवसांनी निघतोच. कोणाच्या नणंदेने सांगितलेलं असतं, कोणी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो, आणि मग "सुया लावल्या आणि बोलायला लागला म्हणे" हे वाक्य येतं आणि सगळ्याजणी कान टवकारतात. मी पण त्यातलीच, गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूची, मुलगा आता मोठा होतोय, बोलतो कमी पण काय हवं ते बरोबर सांगतो. लावायच्या की नाही ते शेवटी तुम्ही घरात ठरवणार, मी फक्त लावायच्या असतील तर काय काय बघायचं, कुठल्या क्रमाने, ते लिहिते, आणि मधे मधे माझं मत पण येईल ते पटलं तर घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, ऑटिझम सुयांनी जात नाही. असं म्हणणारा कोणी भेटला तर तिथूनच चप्पल घालून निघा. २०११ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, तोपर्यंतचे सगळे चांगल्यातले अभ्यास एकत्र करून बघितले होते, १० अभ्यास, ३ ते १८ वयाची ३९० मुलं, हाँगकाँग, चीन आणि इजिप्तमधली. त्यातल्या दोन अभ्यासांत काही मुलांना खऱ्या सुया लावल्या आणि काहींना नुसता देखावा केला, म्हणजे आईबापांना कळू नये कोणाला काय मिळालं ते. ऑटिझमची जी मूळ लक्षणं, त्यात दोन्हीकडच्या मुलांत फरक निघाला नाही. भाषा, समज अशा काही बाजूंत थोडं बरं दिसलं पण ते सगळ्या मोजण्यांत नाही आणि एकसारखं पण नाही, म्हणून त्यांनी सरळ लिहिलं की ऑटिझमसाठी अॅक्युपंक्चर वापरा म्हणण्याइतका पुरावा नाही. नंतर २०१८ ला २७ अभ्यासांचा आणखी एक आढावा आला, त्यात चित्र जरा आशादायक होतं, पण अभ्यासांचा दर्जाच कमी असल्यामुळे लिहिणाऱ्यांनीच हात आखडता घेतला. आणि २०२५ मध्ये तर नेचर ह्युमन बिहेविअर या जर्नलमध्ये ऑटिझमसाठी लोक करतात त्या १९ प्रकारच्या पूरक उपचारांचा मोठा आढावा आला, अॅक्युपंक्चर त्यात होतंच, एकालाही मूळ लक्षणांवर ठोस पुरावा मिळाला नाही.

मग लोकांना फरक दिसतो तो काय खोटा दिसतो का? खोटं कोणी बोलत नाही हो. पण विचार करा, चार वर्षांचं मूल, सुया चालू, त्याच सहा महिन्यांत स्पीच थेरपी चालू, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी चालू, बालवाडीत जायला लागलं, आजी मुंबईहून राहायला आली, आणि मूल सहा महिन्यांनी मोठं पण झालं. ते काहीच केलं नसतं तरी थोडं पुढे गेलंच असतं. त्यात आपण पैसे आणि वेळ घालवलेला असतो म्हणून आपले डोळे पण सुधारणा शोधत बसतात, नेहमीचाच "दे" पण त्या महिन्यात वेगळा ऐकू येतो. देखाव्याच्या सुया लावलेल्या मुलांचे आईबाप पण "बरं वाटतंय" म्हणतात ते याच्यामुळेच.

माझं मत विचाराल तर बोलण्यासाठी, नजर मिळवण्यासाठी सुया लावू नका. झोप, मळमळ, अंग ताठ करून बसणं, सारखी चिडचिड असली एखादी बाजूची गोष्ट असेल आणि मूल हात लावू देत असेल तर करून बघायला माझी हरकत नाही, पण चालू थेरपीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. स्पीचचा सोमवारचा वार सोडून सुयांचा वार धरला की तोटा तुमचाच. आणि हे मी उगाच नाही सांगत, आईबापांनी मुलाशी कसं खेळायचं बोलायचं याचं शिक्षण दिल्याने काय होतं ते आपल्या गोव्यात तपासून झालंय. पर्वरीची संगाथ संस्था त्यात होती, गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून २ ते ९ वयाची ६५ मुलं, मोठे तज्ज्ञ नाहीत तर शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते, दर पंधरा दिवसांनी एक अशा १२ बैठका. २०१६ ला लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं. आईबाप मुलाच्या लयीत जायला शिकले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. एका बाजूला हे आणि एका बाजूला सुया, आठवड्यात एकच तास मोकळा असेल तर मी पहिल्यालाच देईन.

आता करायचंच ठरलं तर.

पायरी पहिली, डॉक्टर

मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना सांगा. लपवू नका, ओरडतील म्हणून पुष्कळजण लपवतात. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवत असाल तर बांबोळीला पुढच्या तारखेलाच विचारा, त्यासाठी वेगळी फेरी नको. विचारायचं काय तर तीन गोष्टी. मुलाला फिट येतात का किंवा कधी आल्यात का, कारण ऑटिझमच्या मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि असल्या मुलाला सुयांना करंट जोडतात तो प्रकार नको. दुसरं, रक्त पातळ होईल किंवा प्लेटलेट कमी होतील असं काही औषध चालू आहे का. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, फिटसाठी किंवा मूडसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याने काही मुलांत प्लेटलेट कमी होतात, तेव्हा शेवटचा रक्ताचा रिपोर्ट काढून दाखवा. तिसरं, हृदयाचा, प्रतिकारशक्तीचा किंवा कातडीचा काही आजार आहे का.

आणि झोपेसाठी जात असाल तर आधी झोप का लागत नाही ते शोधा ना. पोट साफ नसणं, दाढ किडणं, कान दुखणं, आंबट ढेकर, आपली मुलं हे सांगत नाहीत, रात्री दोन वाजता उठून भिंतीवर डोकं आपटतात. बद्धकोष्ठावर सुया लावून काय उपयोग, त्याला औषध आहे.

कोणाकडे जायचं

हा सगळ्यात किचकट भाग म्हणून इथे जरा वेळ काढून वाचा.

बऱ्याच लोकांना वाटतं अॅक्युपंक्चर म्हणजे आयुषमधलंच काहीतरी. धारगळला आयुर्वेदाचं मोठं केंद्रीय हॉस्पिटल झालं २०२२ च्या डिसेंबरात, तेव्हा आमच्या शेजारणीने लगेच "तिथे सुया लावत असतील गे" असं ठरवून पण टाकलं. आयुषमध्ये आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा रिग्पा आणि होमिओपॅथी येतं, अॅक्युपंक्चर त्यात येत नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये त्याला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून. महाराष्ट्रात तर याचा वेगळा कायदाच आहे २०१५ चा, त्यांचं कौन्सिल आहे, तिथे नोंदणी होते. तेव्हा कोल्हापूर, पुणे, मुंबईहून आठवड्यातून एकदा गोव्यात येऊन बसणारे कोणी असतील तर त्यांना त्या कौन्सिलचा नोंदणी नंबर विचारा, लाजू नका, भाजीवालीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आपण आणि इथे मुलाच्या डोक्यात सुई घालणाऱ्याला नंबर विचारायला जीभ अडखळते. नोंदणी आहे म्हणजे ऑटिझममधलं कळतं असं नाही, पण नाहीच म्हटल्यावर पुढे बोलायला नको. माझी पसंती एमबीबीएस किंवा बालरोगतज्ज्ञ असून वर अॅक्युपंक्चर शिकलेल्याला, कारण काही बिनसलं तर तो ओळखेल तरी.

जाता जाता, आपल्या मराठी लोकांना अॅक्युपंक्चर म्हटलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ ला भारतातून डॉक्टरांचं पथक गेलं त्याच्याबरोबर चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले, होते सर्जन. ही विद्या भारतात आणली ती त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी, १९५९ मध्ये, कोलकात्याला. म्हणून "कोटणिसांची पद्धत" असं कोणी सांगून जास्त पैसे मागितले तर नुसतं हसा.

फोनवरच विचारायचे प्रश्न असे. ऑटिझमची किती मुलं बघितली आणि त्यातलं एखादं मूल सुयांना तयार नाही झालं तेव्हा काय केलं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "दोघांनी धरलं की होतं, मग सवय होते" असं आलं तर फोन ठेवा. सुया कुठल्या वापरता, सीलबंद पाकिटातल्या एकदाच वापरायच्या का? मुलांसाठी जाडी किती? मोठ्या माणसांना साधारण पाव मिलीमीटर जाडीची लावतात, मुलांसाठी त्याहून बारीक मिळते, ०.१६ ते ०.२० च्या आसपास, ती ठेवत असतील तर माणूस मुलांचा विचार करतोय असं धरायला हरकत नाही. आई आत बसलेली चालेल का? यावर "नको, आई असली की मूल लाडात येतं" हे उत्तर मला अजिबात चालत नाही, न बोलणाऱ्या मुलाला बंद खोलीत कोणाच्याही ताब्यात एकटं द्यायचं नाही, सुया असोत नाहीतर शिकवणी.

आणि या गोष्टी दिसल्या तर परत फिरा: तीस सिटिंगचं पॅकेज आधी भरा, चालू औषधं बंद करा, बरोबर ही आमची पावडर घ्या. लेबल नसलेल्या पावडरीत काय असतं कोण जाणे, शिसं पारा निघाल्याच्या गोष्टी आपण वाचतोच. फिटची गोळी तर कोणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायची नाही, जोरात फिट येऊ शकते.

सुरू करायच्या आधी कॅलेंडर

घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच, त्याच्याच चौकोनात लिहा. एकच गोष्ट धरायची, समजा झोप, तर किती वाजता झोपला, रात्री किती वेळा उठला, सकाळी किती वाजता उठला. बस. दोन आठवडे हे सुया सुरू करायच्या आधी लिहायचं, हा भाग कोणी करत नाही आणि मग नंतर "आधीपेक्षा बरं आहे ना?" "हो वाटतंय" असं चालतं. "वाटतंय" वर पैसे घालवू नका.

या काळात दुसरं काही बदलू नका. गहू दूध बंद करणं, नवीन औषध, नवीन शाळा, सगळं एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं देवाला पण कळणार नाही. गणपतीच्या चवथीच्या आसपास तर सुरू करूच नका, घरात पाहुणे, माटोळी, फटाके, रात्री उशिरापर्यंत आरत्या घुमटं, त्या पंधरवड्यात आपल्या मुलांची झोप तशीही बिघडते आणि चवथ संपल्यावर आपोआप सुधारते, श्रेय मात्र सुया घेऊन जातात.

एक युक्ती सांगते. शाळेतल्या टीचरला किंवा ओटीच्या मॅडमना सुयांचं सांगू नका, नुसतं म्हणा "पुढचे दोन महिने तो वर्गात किती शांत बसतो ते जरा आठवड्याला कळवाल का?" त्यांना माहीत नसलं की ते जे दिसतं ते सांगतात. डॉक्टरांना मात्र सगळं सांगायचं, तिथे ही युक्ती नाही.

किती सिटिंगनंतर ठरवणार तो आकडा पण आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा, आठ म्हणा, दहा म्हणा, नवऱ्यासमोर लिहा. नाहीतर "आणखी पाच करून बघू" हे संपत नाही.

पहिली भेट सुईशिवाय

पहिल्या दिवशी एक पण सुई लावायची नाही हे फोनवर ठरवून जा, फी लागली तरी द्या. मुलाने खोली बघायची, बेडवर चढून उतरायचं, पंखा बघायचा, उदबत्तीचा किंवा स्पिरिटचा वास घ्यायचा. त्या वासानेच काही मुलं उलटी करतात, तेव्हा त्यांना सांगा की त्या दिवशी उदबत्ती नको. सुई घालायची जी बारीक प्लास्टिकची नळी असते ना ती रिकामी मागून घ्या आणि घरी घेऊन या. घरी ती नळी स्वतःच्या हातावर ठेवायची आणि वरून बोटाने टिक करायचं, मग बाबांच्या हातावर टिक, मग बाहुलीच्या, मग त्याच्या. काही दिवस नुसतं टिक टिक. माझ्या मुलाला ती नळी इतकी आवडली की तो आल्यागेल्याला टिक करत सुटला होता.

मोबाईलवर फोटो काढून आणा, दार, बेड, डॉक्टरांचा चेहरा, परत येताना जिथे थांबून काहीतरी खायचं ते दुकान. हे चार फोटो क्रमाने दाखवत जायचं. वेळापत्रकाच्या चित्रांवर चालणारी मुलं असतात त्यांना याने फार सोपं जातं.

केसांना हात लावू देत नसेल, केस कापायच्या दिवशी घर डोक्यावर घेत असेल, तर डोक्यातल्या सुयांचा विचार सोडा. ऑटिझमसाठी चीनमध्ये जास्त करून डोक्याच्याच जागा वापरतात, अगदी टाळूच्या मध्यावरची बायहुई नावाची जागा आणि तिच्या आजूबाजूच्या, हाँगकाँगमध्ये तर जिभेवर पण करून बघितलं गेलंय. जिभेचं ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला, मी तरी तिकडे फिरकणार नाही. हातापायाच्या जागांनी सुरुवात करा म्हणावं. दीड दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल, टाळू नीट भरली नसेल, तर डोक्याला सुई अजिबात नको.

सिटिंगच्या दिवशी

उपाशी नेऊ नका. पेज, पाव, काहीतरी पोटात असू द्या, रिकाम्या पोटी चक्कर येते. पण भरपेट जेवल्या जेवल्या पण नको. सैल कपडे, कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत वर सरकतील असे. पावसात रेनकोटच्या कॉलरनेच मूल वैतागलेलं असतं, तेव्हा वेळेच्या जरा आधी पोचा, पुसा, बसू द्या. थेरपी संपवून थकलेल्या मुलाला कदंबच्या बसमध्ये कोंबून तसंच सुयांना न्यायचं हे तर करूच नका.

आत गेल्यावर तुमचे डोळे उघडे ठेवा. हात धुतले का, पाकीट तुमच्यासमोर फोडलं का. सुई लावून झाली की मोजा. मोठ्याने मोजा, "एक, दोन, तीन, चार", आणि काढताना परत मोजा. केसात राहिलेली सुई काळ्या केसांत दिसत नाही हो, आणि मूल घरी जाऊन उशीवर डोकं घासतं. वापरलेल्या सुया पांढऱ्या कडक डब्यात जायला पाहिजेत, २०१६ च्या बायोमेडिकल कचऱ्याच्या नियमांत टोकदार वस्तूंसाठी तोच डबा आहे, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत टाकताना दिसल्या तर तिथे बाकीचं पण तसंच असणार.

मोठ्या माणसांना वीस तीस मिनिटं सुया ठेवतात, मुलांना इतकं ठेवायची गरज नसते, काही जण लावून लगेच काढतात, आणि हालणाऱ्या मुलाला तेच बरं. छाती, पाठ, पोट, मान इथे सुया नकोत असं मी सरळ सांगेन. हातपायाला फार तर रक्ताचा थेंब येईल, निळं होईल, पण छातीत खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. मुलांच्या अॅक्युपंक्चरच्या सुरक्षिततेचा २०११ मध्ये पीडियाट्रिक्स जर्नलमध्ये आढावा आला होता, जगभरातून नोंदल्या गेलेल्या त्रासाच्या २७९ घटना, त्यातल्या २५३ किरकोळ, दुखणं, निळं पडणं, थोडं रक्त. पण २५ गंभीर होत्या आणि त्यात फुफ्फुसाला आणि हृदयाला इजा झाल्याची एकेक घटना होती. घाबरवायला नाही सांगत, पण "याला काहीच साईड इफेक्ट नाही" असं सांगणाऱ्याला हा आकडा सांगा.

मूल रडायला लागलं, हात ओढायला लागलं, तर थांबायचं. त्या दिवसापुरतं संपलं. मान हलवून, हात ढकलून, पळून जाऊन ते "नको" सांगतंय, आणि आपण वर्षभर थेरपीत त्याला नको म्हणायलाच तर शिकवतोय. चार माणसांनी धरून लावलेल्या सुयांनी झोप सुधारेल असं मला तरी वाटत नाही, उलट नंतर दात बघायला, रक्त काढायला, केस कापायला कुठेच मूल तयार होत नाही आणि ते निस्तरायला वर्ष जातं.

घरी आल्यावर सुई लावलेली जागा बघा. लाल होऊन सुजली, गरम लागली, ताप आला तर डॉक्टर. धाप लागली, ओठ निळे, फिट आली तर कोणाला फोन करून विचारत बसू नका, सरळ १०८.

सुया नकोतच, पण काहीतरी करायचंय

याला अॅक्युप्रेशर आहे आणि ते फुकट आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या रेघेपासून कोपराकडे मुलाचीच तीन बोटं आडवी ठेवून जिथे संपतात तिथे मधोमध दोन कडक शिरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधली जागा, तिला नेईगुआन म्हणतात, पी सिक्स पण म्हणतात. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या जागेचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय. चोर्ला घाटात गाडी लागणाऱ्या मुलांना हे करून बघायला काही बिघडत नाही. दुसरी जागा मनगटाच्या रेघेवरच, करंगळीच्या बाजूला, शिरेच्या आतला खळगा, शेनमेन, ती झोपेसाठी दाबतात. अंगठ्याने हळू, मुलाच्या चेहऱ्याकडे बघत, मिनिटभर एक हात मग दुसरा, रोज झोपायच्या आधी एकाच वेळी, दिवा मंद करून, खोबरेल लावून. याने झोप लागली तर ती जागेमुळे लागली की रोजच्या ठराविक क्रमामुळे आणि आईच्या हातामुळे लागली हे मला सांगता येणार नाही आणि इथे मला ते शोधायचं पण नाहीये, कारण यात कोणाचं काही जात नाही. हलका स्पर्श नको असणारी पण घट्ट दाबलेलं आवडणारी मुलं असतात, त्यांना तर हे सुयांपेक्षा कितीतरी पटीने मानवतं. तुमच्या ओटीला विचारून दाब किती ते ठरवा.

कानाला चिकटवायच्या बिया मिळतात, पट्टीवर एक बी असते आणि ती दाबायची. आपल्या मुलांना नको. काढतात आणि तोंडात, नाकात, नाहीतर कानात घालतात, मिळेल ते तोंडात घालायची सवय असेल तर घरात पण आणू नका.

ठरलेला आकडा झाला की

कॅलेंडर काढा, आधीचे दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी शेजारी ठेवा, टीचरचे मेसेज वाचा. रात्री उठण्याच्या खेपा निम्म्यावर आल्या असतील तर एक महिना सुया थांबवून बघा परत वाढतात का. वाढल्या तर पुढे चालू ठेवायचं की नाही ते डॉक्टरांशी बोला. काहीच फरक नसेल तर बंद, आणि बंद करताना "आता सुधारायलाच लागणार होता, घाई केलीत" असं ऐकायला मिळेल, त्याकडे दुर्लक्ष करा. घरचे पण बोलतील. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं झालं, कौल लावून झाला, दीठ काढून झाली, कशालाच मी नाही म्हटलं नाही कारण त्याने मुलाला काही टोचत नव्हतं आणि सासूबाईंना झोप लागत होती.

पैशांचं बोलायचं तर हिशोब पूर्ण करा, सिटिंगची फी, पेट्रोल, तुमची अर्धी रजा, आणि तेवढ्यात स्पीचचे किती तास आले असते ते. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आधी ते काढा, सुया थांबू शकतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतची, ऑटिझम त्यात बसतो, चालू थेरपीचा खर्च त्यात येतो आणि पर्यायी उपचारांसाठी पण वेगळा भाग आहे, मर्यादा किती आणि अॅक्युपंक्चर त्यात धरतात का ते क्लेम भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. बिल मागा दर वेळी, छापील, त्यावर मुलाचं नाव, तारीख, नोंदणी नंबर, सही आणि शिक्का. चिठ्ठीवर पेनाने आकडा लिहून देणाऱ्याचं बिल पास होत नाही.